तळहाताचं अंतर

नमुना तळहातावर घ्यायचा, त्यावर एक फुंकर मारायची आणि आणणाऱ्याकडे न बघता विचारायचं, "याले तांदूळ म्हनतेत का गा?" तुमसरच्या बाजारात काकांची एवढी ओळख पुरते.

काका तांदळाचे दलाल. मी ज्या राइस मिलच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते, तिथली दाराजवळची खुर्ची त्यांची. त्यांना सगळ्यांचीच कीव यायची. मालकांची, ओलावा मोजायच्या यंत्राची, माझीही. "कॉन्व्हेंटवाली आहे. तांदूळ पाकिटातच उगवते म्हनते," असं ते माझ्यासमोरच लोकांना सांगत. मी की-बोर्डकडे बघत राहायचे. गोंदिया भंडाऱ्यातून वेगळा जिल्हा झाल्यापासून तिकडचा नमुना आला की "परदेशी माल आला" म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. विनोदाचा साठा तेवढाच होता.

सगळ्यात जास्त तिरस्कार चष्म्याचा. "चश्मा लावून तांदूळ पाह्यते तो दलाल नाही, मास्तर होय."

पण रोज एकाच माणसासमोर बसला असतात तर तुम्हालाही कळलं असतं. व्यापारी समोर असला की काकांचा हात ऐटीत लांब पसरलेला. व्यापारी वळला की तोच तळहात नाकाशी. दाण्याचं तुटकं टोक, पोटातला पांढरा डाग, खरं बघणं सगळं तिथे. मग मोतीबिंदू झाला आणि तिथेही धुकं आलं.

भंडाऱ्याला डोळ्यांच्या दवाखान्यात मालकांनी मला सोबत पाठवलं, कागद इंग्रजीत असतील म्हणून. डॉक्टरबाईंनी समजावलं, की तुम्ही निवडलेलं भिंग एकाच अंतरावरचं नीट दाखवेल, बाकीसाठी चष्मा. तुमच्या कामाचं अंतर किती?

"पहिले नमुना दाखवा," काका म्हणाले.

बाईंनी नमुन्याचं एक भिंग त्यांच्या तळहातावर ठेवलं. काकांनी सवयीने फुंकर मारली. मी आणि नर्स खुर्च्यांखाली ते शोधत होतो, तेव्हा काका वरून म्हणाले, "हलका माल आहे."

मग बाईंनी टेप काढली. "तांदूळ बघताना हात धरता, तसा धरा." काकांनी हात पूर्ण लांब केला, जणू समोर अख्खा बाजार उभा होता.

मी सहसा बोलत नाही. तेव्हा बोलले. "मॅडम, काका जवळून बघतात. अगदी नाकाजवळून."

"काहून बोलून राहिली वो मधात? इले तांदूळ वळखू येत नाही, अन् माह्या हाताचं माप सांगते."

"काकाजी, विचार करा. नंतर बदलणं सोपं नसतं," बाई म्हणाल्या.

"विचार कायचा? लिहा."

दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं उत्तम झाली. लांब केलेला हात काकांना छान दिसू लागला. पण तेवढ्या अंतरावरून दाण्याचं तुटकं टोक कुणालाच दिसत नाही, आणि तळहात नाकाशी नेला की आता नुसतं पीठ. जवळचं बघायला दिलेला चष्मा खिशातून कधी बाहेर आला नाही.

मग व्यापारी बाहेर गेला की तळहात माझ्या टेबलावर येऊ लागला. "पाह्य तं पोरी, तुले काय दिसते."

"कनकी खूप आहे, काका. अर्धे दाणे तुटलेत."

"तुले काय समजते," म्हणायचे, आणि बाहेर जाऊन व्यापाऱ्याला ठणकावायचे, "कनकी आहे गा याच्यात." मला चीड यायची. तरी सकाळी आल्यावर मी टेबलाचा एक कोपरा मोकळा करून ठेवू लागले.

एका दुपारी पवनीचा व्यापारी आला. काकांचा जुना माणूस. मी फोनवर मालकांशी बोलत होते. काका थांबले नाहीत. नमुना घेतला, हात लांब केला आणि म्हणाले, "आता याले म्हनतेत तांदूळ."

त्यात कनकी होती, आणि हे आणणाऱ्यालाच ठाऊक होतं. बोलणी खायच्या तयारीनेच तो आला होता. त्याने तांदळाकडे पाहिलं, मग काकांकडे. आवाज खाली आणून म्हणाला, "बरं काकाजी. तुमी म्हनता तं असन."

त्याचा चेहरा काकांच्या हातापासून फार लांब नव्हता. तिथलं काकांना आता अगदी स्वच्छ दिसायचं. त्या चेहऱ्यावरची कीव ते बघत राहिले. मग एकही दाणा न सांडता त्यांनी तांदूळ पिशवीत परत ओतला, तळहात धोतराला पुसला आणि उठले. त्यानंतर ते मिलमध्ये आले नाहीत.