पांढऱ्या कात्रीचं टोक

"हाडाक लावशात तर माझ्याशी गाठ आसा!" असं बजावत मावशी कात्री उजेडात धरायची, पात्यांच्या फटीत फुंकर मारायची आणि मगच खाली ठेवायची. देवबागला आमच्या घरी पर्यटक पाहुणे उतरतात. त्या स्वयंपाकघरात कामाला येणारी ही मावशी सहा वर्षं माझा उजवा हात होती.

कात्री सिरॅमिकची. खाऱ्या वाऱ्यात आमच्याकडे सुरीपासून कडीकोयंड्यापर्यंत सगळं गंजतं, हिला मात्र डाग नाही. पण नाजूक फार. कठीण काही कापलं की टवका उडालाच. म्हणून कोथिंबीर, मिरची, एवढंच तिचं काम. मावशी तिला स्टीलच्या भांड्यांत कधी मिसळू द्यायची नाही. साबणाचं कोमट पाणी, मऊ फडकं, आणि हळदीचा पिवळेपणा राहिलाच तर खायचा सोडा बोटाने चोळायचा. मग जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून वरच्या फळीवर. "पोराक न्हाणतंय तशी न्हाणतंय हिका," म्हणायची. अशी जीव लावणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास टाकतो.

एके दिवशी कात्रीचं टोक तुटलेलं दिसलं. माझी धाकटी जाऊ तेव्हा आमच्यातच होती. हाताला लागेल त्याने दुधाची पिशवी फाडायची तिला खोड. मी पाहुण्यांसमोर तिलाच बोल लावला. मावशी शेजारी नारळ खवत होती, ती खवतच राहिली. आठवडाभरात जावेने मागच्या पडवीत वेगळी चूल मांडली.

चार महिन्यांनी त्या वेळच्या एका पाहुणीने तेव्हा खिडकीतून काढलेला व्हिडिओ मोबाइलवर धाडला. त्यात मावशी कुर्लीचा जाडजूड डेंगा, म्हणजे खेकड्याची नांगी, त्याच कात्रीने फोडतेय. टक् आवाज होतो, ती इकडेतिकडे बघते आणि तुटलेलं टोक कनवटीला लावते.

माझं डोकंच फिरलं. मोबाइल तिच्यापुढे धरून ओरडले, "खाल्ल्या घराचे वासे मोजलंस गो!"

"तुमी माका इचारलासच खंय, वयनी?" ती म्हणाली. "धाकट्या वयनीचा नाव तुमच्याच तोंडातसून इला."

दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. तोंडवलीला कुठे कामाला लागली म्हणतात. तिच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, आणि कुर्ल्यांचा रस्सा तिच्यासारखा मला अजून जमत नाही.

व्हिडिओ आला त्याच दिवशी मी जावेच्या पडवीत गेले, सगळं सांगून हात जोडले. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "माका ठावक होता. तुमी माका बोल लावलास, त्याच सांजेक मावशी रडत इली आणि सगळा सांगल्यान. मीच तिका म्हटलंय, गप रव, नायतर तुझा काम जायत. तुमी आपसून इचारूक येतलास, असा वाटला माका. चार म्हयने वाट बघलंय."