आईला शिकवायचं कसं

ऊलीपिका आपल्या नातीला ‘आई’ म्हणायची. लाडानं म्हणतात तसं नव्हे, खरोखरची आई. दूर उत्तरेच्या बर्फाळ मुलखातल्या पँगनिर्टंग गावात घरातलं माणूस गेलं की पुढं जन्मणाऱ्या मुलाला त्याचं नाव देतात, आणि नावाबरोबर ते माणूसही परत येतं. ऊलीपिकाची आई नाऊया वारली, त्याच हिवाळ्यात ऊलीपिकाची लेक रोडा बाळंत झाली. पोरीचं नाव नाऊया ठेवलं आणि प्रश्न मिटला. आता साठीकडे झुकलेली ऊलीपिका पाच वर्षांच्या पोरीला आई म्हणे आणि पोर तिला लेकी म्हणून हाक मारी. आईवर कुणी डोळे वटारतं का? ऊलीपिकानं नाऊयाला कधी साधं ‘गप्प बस’सुद्धा म्हटलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात हीच रीत तिच्या गळ्याशी आली. रोडाला नर्सिंग शिकायला ओटावात जागा मिळाली होती. मुक्काम दोन-तीन वर्षांचा, नाऊयाही बरोबर जाणार. रोडानं स्वयंपाकघरातल्या टेबलावर इंग्रजी अक्षरांची पुस्तकं मांडली आणि धडे सुरू केले. ऊलीपिका ताट अर्धवट टाकून उठली.

ती स्वतः सहा वर्षांची असताना छातीत क्षयाचा डाग निघाला म्हणून सरकारी जहाजानं तिला दक्षिणेकडच्या इस्पितळात नेलं होतं. तिथं सगळं इंग्रजीतच. दोन-तीन वर्षांनी बरी होऊन परतली तेव्हा किनाऱ्यावर आई उभी होती. आई बोलत राहिली, बोलत राहिली, आणि पोरीला त्यातला एक शब्द कळेना. परक्या बाईकडं पाहावं तशी ती आईकडं पाहत होती. मग हिवाळाभर दिव्यापाशी बसून, प्रार्थनापुस्तकातल्या ओळीखाली बोट फिरवत आईनं तिला तिची भाषा परत दिली. त्यानंतर ऊलीपिका गरजेपुरतं इंग्रजी बोलली, पण वाचलं कधीच नाही. इंग्रजी कागद हातात आला की पालथा घालायची.

म्हणून तिचा एकच हट्ट होता. जाण्याआधी नाऊयाला आपली अक्षरं वाचता आली पाहिजेत. बोली जिभेवरून उतरतेच. अक्षरं ठाऊक असली तर तिला परत आणता येते, हे तिनं स्वतः भोगलं होतं.

तिनं तेच जीर्ण प्रार्थनापुस्तक काढलं. नाऊयानं एक नजर टाकली.

“नको. मला रोडाचं पुस्तक हवं.”

संपलं! आई नको म्हणाली.

“कशाला तिच्या डोक्यात दोन-दोन कोंबतेस?” रोडा म्हणाली. “तिकडच्या शाळेत मागं पडली तर?”

“तुझ्या डोक्यात बरी मावली दोन्ही.”

“मग दटावून बसव की तिला.”

“माझ्या आईला दटावू? तू तरी मला कधी दटावलंयस?”

“तुला दटावलं तर मला खायला कोण घालेल?” रोडा हसली. ऊलीपिका हसली नाही.

दिवस हातातून चालले होते. एका सकाळी रोटीसाठी पीठ मळता मळता ती थांबली. आपण उलटंच करत होतो की! आईला कधी लेक शिकवते का? शिकवते ती आई. हात न धुताच ती नाऊयासमोर येऊन बसली.

“आई, मला वाचता येत नाही. शिकव ना.”

“खरंच येत नाही?”

“रोडाच्या पुस्तकातलं नाही येत.”

हे खोटं नव्हतं. नाऊयानं पुस्तक तिच्यापुढं सरकवलं, आणि जवळजवळ पन्नास वर्षांनी ऊलीपिकानं इंग्रजी ओळीखाली बोट ठेवलं. इस्पितळातल्या फरशीचा वास आला, त्या लांबलचक खोलीतली खाटांची रांग डोळ्यांपुढं आली. उठून जावंसं वाटलं तिला.

“लक्ष कुठंय तुझं, लेकी?” नाऊया खेकसली. “परत म्हण.”

“हो, आई.”

मास्तरीण भलतीच कडक निघाली. धडा रोज, चहाआधी. आणि रोज ऊलीपिका म्हणे, “मी विसरते गं. आपल्या अक्षरांत लिहून ठेवते.” मग सांडलेल्या पिठावर ती बोटानं लिही. आता मास्तरणीला शिष्येचं काम तपासणं आलं.

“हे टोक असं का वळवलंस?”

“डावीकडं वळवलं की ‘पा’ होतो, वर केलं की ‘पी’.”

“आणि उजवीकडं?”

“तूच सांग, चुकले असेन.”

नाऊया कपाळाला आठ्या घालून तपासायची, चुका काढायची. ऊलीपिका मुद्दाम चुकायची आणि बोलणी खायची. पण ‘वाचून दाखव’ असं तिनं एकदाही म्हटलं नाही. ते तिच्या अधिकारात नव्हतंच. पोरीच्या डोक्यात किती शिरलं, देव जाणे. रोडा दारात उभी राहून बघायची. एके दिवशी तिनं आपला कप उचलला आणि पिठाला जागा करून दिली.

निघायचा दिवस उजाडला. विमानतळ म्हणजे एक खोली, अर्धं गाव पोचवायला आलेलं. रोडा सामान द्यायला गेली. नाऊया आजीचा हात धरून विमानाकडं जाणाऱ्या दाराशी उभी होती. दारावर पाटी होती, वर आपली अक्षरं, खाली इंग्रजी.

“वाच, लेकी,” खालची ओळ दाखवून नाऊया म्हणाली.

ऊलीपिकानं वाचली. सगळी कळली, आणि म्हणूनच तोंडातून शब्द फुटेना.

“विसरलीस ना? वर आपल्यात लिहिलंय की.” नाऊया टाचा उंचावून उभी राहिली. हातमोज्यातलं बोट एकेका अक्षराखाली नेत, अडखळत, मोठ्यानं वाचू लागली. “इथून... पुढं... फक्त... जाणाऱ्यांनीच... जायचं.”

उन्हाळाभर ऊलीपिकाचे कान याच आवाजासाठी आसुसले होते.

“बरोबर, आई,” ती म्हणाली, आणि तिनं हात सोडला.