टाळी वाजवणारे शेजारी

नव्वदच्या दशकात, वाशीच्या आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर एक गाणंवेडे गृहस्थ राहायचे. कॅसेट लावली की आवाज घुमतो म्हणून त्यांनी हॉलच्या भिंतींना घरातल्या गाद्या आणि मार्केटातली कांद्याची पोती ठोकली होती. बायको-मुलं चटईवर झोपायची. कुणाच्याही घरी गेले, की ते आधी टाळी वाजवून तिथला हॉल किती घुमतो ते बघायचे.

माझे बाबा वारले तेव्हा ते भेटायला आले आणि सवयीनं टाळी वाजवून बसले. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"सॉरी, वहिनी," ते पुटपुटले. "पण हॉल फार घुमतोय हो."

सकाळपासून गप्प बसलेली आई म्हणाली, "घुमणारच की. हे सोफ्यावर बसले की निम्मा हॉल भरायचा."

आणि ती खुदकन हसली. मग कुठे तिला रडू फुटलं.