पुढची ओळ न वाचणारे

तो महाडात आला तेव्हा त्याच्याकडे पांढरी गाडी होती, दोन मोठे स्पीकर होते आणि पवित्र शास्त्रातली मूठभर वचनं तोंडपाठ होती. त्या वचनांच्या आधी काय लिहिलंय आणि नंतर काय, हे त्याला ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घ्यावं असंही त्याला कधी वाटलं नाही.

महाडात आमची ख्रिस्ती घरं थोडीच. मी इथल्या औद्योगिक वसाहतीत, औषधांच्या कारखान्यात नोकरीला आले आणि इथलीच झाले. रविवारी आम्ही एका म्हाताऱ्या जोडप्याच्या ओटीवर जमायचो. काका एसटीचे निवृत्त चालक. मावशी पोलादपूरकडच्या, कापडे गावच्या. घर बाजाराच्या मागे, नदीच्या अंगाला. एक अध्याय वाचायचा, त्यावर बोलायचं, चहा घ्यायचा. कोणाच्या अंगात येत नव्हतं, कोणी किंचाळत नव्हतं.

पांढऱ्या गाडीवाल्याला हे फार मिळमिळीत वाटलं. त्याने एका दुकानावरचा हॉल भाड्याने घेतला आणि आमची माणसं तिकडे नेली. माणसंही गेली, जत्रेला जावं तशी नटून. मी गेले ते मावशींच्या आग्रहाखातर.

तिथे जे पाहिलं त्याला शास्त्राचा अभ्यास म्हणायचं असेल तर पोपटवाल्या ज्योतिषालाही पंडित म्हणावं लागेल. हा गृहस्थ डोळे मिटून ग्रंथ उघडायचा, बोट ठेवायचा आणि बोटाखाली येईल ते समोरच्याच्या नावावर करायचा. ठेकेदारीवर काम करणाऱ्या एकाला त्याने असंच एक वचन दिलं: देवाने तुझ्या भल्याच्या योजना केल्यात, तर दुबईची तयारी कर. मूळ वचन परमुलखात कैद होऊन गेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातलं. त्याच पत्रात त्यांना सांगितलंय की परत यायची घाई नको, तिथेच घरं बांधा, मळे लावा, पुष्कळ वर्षं काढायची आहेत. एवढं वाचलं असतं तर दुबई कुठून निघाली असती?

माझे वडील नगरकडे शाळामास्तर होते आणि रविवारी उपदेशही करायचे. ते आम्हाला सुटं वचन कधी वाचू द्यायचे नाहीत. अख्खा अध्याय वाचायला लावायचे, मग विचारायचे, "कोण बोलतंय? कोणाशी? कशावरून विषय निघाला? हे गाणं आहे, गोष्ट आहे की आज्ञा?" एकदा मी परीक्षेच्या आधी एक छानसं वचन कागदावर लिहून उशाशी ठेवलं. ते म्हणाले, "दुसऱ्याच्या पत्रातली ओळ फाडून आपल्या नावावर लावायची नाही. आधी ज्याचं पत्र त्याला काय सांगितलंय ते समज, मग तुला त्यातून काय मिळतं ते बघ." शहाणं वाचन यापेक्षा फार वेगळं असतं असं मला अजून वाटत नाही. पण त्याला कष्ट पडतात, आणि कष्टांवर टाळ्या मिळत नाहीत.

पावसाळा भरात आला. वर महाबळेश्वरला झोडपलं की सावित्री नदी खाली आम्हाला गाठते, हे इथे शेंबड्या पोरालाही कळतं. त्या रविवारी पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. हॉलमध्ये सगळ्यांच्या मनात पुराचंच भय. तेव्हा याने एका संदेष्ट्याच्या पुस्तकातलं वचन काढलं: पाण्यातून जाताना देव सोबत असेल, नद्या बुडवणार नाहीत, अशा अर्थाचं.

"रिसीव्ह करा!" तो माइकमध्ये ओरडला. "आज सावित्रीला ऑर्डर गेलीय! जो सामान हलवेल तो देवावर डाऊट घेईल!"

लोक आमेन आमेन करत उठले. काका सगळ्यांत आधी. नोकरीत असताना पुलावरून पाणी जातंय म्हणून भरलेली एसटी अलीकडे थांबवून, प्रवाशांच्या शिव्या खाल्लेला हा माणूस!

मी उभी राहिले. "हे वचन बंदिवासातून परतणाऱ्या इस्राएली लोकांना आहे," मी म्हणाले. "आणि पाण्यातून जाताना असं म्हटलंय. म्हणजे पाणी येणारच नाही असं कुठे आहे?"

"ताई, डोक्याने वाचू नका, स्पिरिटने वाचा."

"बरं. मग पुढची ओळही वाचा. त्यात आगीतून चाललास तरी भाजणार नाहीस असं आहे. खाली चहावाल्याची शेगडी पेटलेली आहे. आधी तुम्ही हात ठेवून दाखवा."

दोघंतिघं हसले. तो नाही हसला. त्याने माझ्यासाठी प्रार्थना सुरू केली, माझ्यातला संशयाचा आत्मा निघून जावा म्हणून. उत्तर सुचलं नाही की प्रार्थना करायची, ही या लोकांची जुनी युक्ती. तेवढ्याने सगळे पुन्हा डोळे मिटून माना डोलवायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नगरपालिकेचा भोंगा वाजला. बाजारातले व्यापारी माल माळ्यावर चढवत होते. मी घोटाभर पाण्यातून काकांकडे गेले. टीव्ही खाली, गाद्या खाली, धान्याचा डबा खाली. काका खुर्चीत बसून मोठ्याने तेच वचन म्हणत होते.

"काका, माझ्याकडे चला. मी दुसऱ्या मजल्यावर आहे."

"तुला विश्वास नाय, तू जा."

"मावशी, तुम्ही तरी!"

मावशी माझ्याकडे बघेनात. "ह्यांना टाकून कशी येऊ गो? तू नीघ, पानी वाढतंय."

मी पांढऱ्या गाडीवाल्याला फोन लावला. त्याचंच ऐकतील म्हणून. लागला. साहेब आदल्या संध्याकाळीच गाडी घेऊन पोलादपूरच्या वर, डोंगराच्या बाजूला, ओळखीच्या बंगल्यात गेले होते. स्पीकरसुद्धा सोबत नेले होते.

"मी इकडे उपवास-प्रार्थनेत आहे, ताई."

"नदीला ऑर्डर गेली होती ना? मग स्पीकर का हलवले?"

त्याने फोन ठेवला.

दुपारपर्यंत पाणी त्या घराच्या खिडक्यांवर गेलं. समोरचे भाई, ट्रान्सपोर्टचा धंदा करणारे, बरीच वर्षं आखातात काढून आलेले, त्यांनी ट्रकच्या ट्यूबा फुगवल्या, कमरेला दोर बांधला आणि पुतण्याला घेऊन पोहत गेले. वरून कौलं काढली. माळ्यावर दोघं एकमेकांना धरून बसली होती, छातीपर्यंत पाण्यात. मावशींना आधी काढलं. काकांच्या नाकातोंडात गढूळ पाणी गेलं होतं. त्यांना ट्यूबवर घातलं तेव्हा ते काहीच म्हणत नव्हते.

पुढे त्यांना न्युमोनिया झाला. पुष्कळ दिवस दवाखान्यात होते. वाचले, पण दम गेला तो गेलाच. तो पांढऱ्या गाडीवाला त्यांना भेटायला एकदाही आला नाही.

चिखल निघाल्यावर मात्र हॉलमध्ये उपकारस्तुतीची सभा लावली. मावशींना पुढे बोलावलं आणि माइकमध्ये जाहीर केलं, "बघा! नदीने यांना बुडवलं नाही! वचन पुरं झालं!" टाळ्या पडल्या. घरात गुडघाभर चिखल साचलेली माणसंही टाळ्या वाजवत होती. त्या हातांची मला शिसारी आली.

मी म्हणाले, "शास्त्रातलं वचन काढून एखाद्याला जीव धोक्यात घालायला सांगणारा पहिला कोण, माहीत आहे? सैतान. प्रभूला देवळाच्या शिखरावर नेऊन म्हणाला, उडी मार, देव झेलेल असं लिहिलंय. वचन खरंच होतं. जागा चुकीची होती. आणि प्रभूने उडी मारली नाही."

 कोणीतरी मागून "बसा, बसा" म्हणालं. तेवढ्यात मावशींनी त्याच्या हातातला माइक घेतला.

"मला वर काढलं ते भाईंनी," त्या म्हणाल्या. "तुमी कुटं व्हतात?"

"मी डोंगरावर तुमच्यासाठीच प्रार्थना करत होतो, आई."

"मंग आमालाबी डोंगरावर न्यायचं व्हतं."

माइक खुर्चीवर ठेवून त्या जिना उतरल्या. मी त्यांच्या मागे गेले. आणखी चारदोन माणसं आली. बाकीची बसली. पुढच्या रविवारीही बसली. महिन्याभराने तो दुसऱ्या गावी गेला तेव्हा काहीजणी रडल्या म्हणे. आता त्याचे व्हिडिओ फिरतात. त्याला श्रोते कमी पडणार नाहीत. पुढची ओळ वाचायचा कंटाळा सगळीकडेच मुबलक आहे.

काका-मावशी आता पोलादपूरला मुलीकडे असतात. मी सुट्टीच्या दिवशी जाते. परवा संदेष्ट्याचं ते पुस्तक सुरुवातीपासून वाचायला घेतलं. काका धापा टाकत म्हणाले, "काय म्हण, पण वचन माझ्यासाठी होतं. नाय तर वाचलो असतो का?"

मला असा संताप आला की ग्रंथ मिटून उठावंसं वाटलं. मावशींनी नुसतं त्यांच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं.

"त्यांना म्हणू दे," त्या मला म्हणाल्या. "तू वाच. पयल्या पानापासनं वाच."

मी वाचायला लागले.