मडमेचा अळू

तोरणमाळला मी नऊ वर्षं काढली ती एका अळूपायी, असं सांगितलं की ऐकणारे हसतात. हसू देत बापडे. अळू म्हणजे आपला फदफद्याचा नव्हे. तो असता तर चिंच-गूळ घालून मी कधीच रांधून मोकळी झाले असते. हा अळू खायचा नव्हता, नुसता बघायचा होता, आणि तोही दुसऱ्यांनी.

आमचे हे जंगल खात्याच्या बंगल्यावर रखवालदार होते. राज्य गोऱ्यांचं. खालच्या मुलखात ऊन तापायला लागलं की चैत्रात साहेब आणि त्याची मडम दोन-अडीच महिने वर राहायला येत. या मडमेनं आपल्या देशातून कसली तरी झाडं आणवली होती. ओल्या शेवाळात गुंडाळलेली मुळं, लाकडी पेटीत, बोटीतून. त्यांचं नाव तिनं मला दहादा सांगितलं असेल, माझ्या जिभेला ते कधी वळलंच नाही. पानं रुंद, ठसठशीत शिरांची, म्हणून आम्ही सगळे त्याला मडमेचा अळू म्हणायचो. बंगल्याच्या मागं जांभळींच्या सावलीत त्याचे तीन वाफे होते. काही पानांना पांढरी किनार, चुन्यात बुडवून काढल्यासारखी. दिसायला सुंदर होती, खोटं कशाला बोलू? पण हिवाळा लागला की सगळी पानं पिवळी पडून लोळायची आणि वाफ्यात नुसती माती उरायची. पहिल्या वर्षी मला वाटलं, मेलीच. मी घाबरून रडले होते. शिवरात्रीच्या सुमारास मातीतून टोकदार कोंब वर आले तेव्हा कुठं जिवात जीव आला.

मी तळोद्याची. सपाटीवर, बाजाराच्या गलक्यात वाढलेली. लग्न होऊन वर आले तर चारी बाजूंनी दऱ्या. खाली जायचं तर तो सात पायऱ्यांचा घाट, एकेक पायरी म्हणजे एकेक अख्खा चढ, पावसाळ्यात बंद झाल्यासारखाच. बाईमाणसानं एकटीनं उतरायचं नाही, आणि ह्यांना बंगला सोडायची मुभा नाही. आई खाली एकटी, गुडघ्यांनी अधू. पहिल्या बाळंतपणाला मला सातव्या महिन्यात माहेरी न्यायचं ठरलं होतं. आज नेऊ, उद्या नेऊ करता करता आषाढ लागला. कळा सुरू झाल्यावर मग धावपळ, झोळी, चार माणसं. मुलगा घाटातच झाला आणि घाटातच गेला. तिथंच एका दगडाशेजारी त्याला पुरलं आणि मला तिथूनच परत वर आणलं. तो राग मी अजून गिळलेला नाही.

दोन वर्षांनी पुन्हा दिवस राहिले. तेव्हा मी ह्यांना बजावून सांगितलं, "यंदा मले मन्ही माय जवळ पाहिजे. नही तर या दऱ्या काही लांब नहीत." हे टरकले. साहेब शिकारीला म्हणून वर आला होता, ह्यांनी हात जोडून तळोद्याच्या कचेरीत बदली मागितली. साहेब म्हणाला, चैत्रात मडम येईल, तिला तिची बाग नीट दिसली तर हुकूम काढतो. झालं! माझं बाळंतपण त्या अळूच्या मुळाशी बांधलं गेलं. बाग जगली तर मी आईजवळ, बाग मेली तर पुन्हा तोच माथा, तोच आषाढ, तीच झोळी.

थंडीत मुळांना इजा होऊ नये म्हणून वाफ्यांवर वाळल्या गवताचा जाड थर घालून ठेवायचा, अशी मडमेची सक्त ताकीद होती. मी तो घातला, राखला. मग शिवरात्र झाली. आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की शिवरात्रीला थंडी 'शिव शिव' म्हणत निघून जाते. शिवरात्रीच्या यात्रेला वर आलेली माणसं उतरून गेली, दुपारचा घाम यायला लागला. गवताखाली कोंब फुटले होते आणि दबून वाकडे होत होते. मी गवत काढायला घेतलं.

शेजारी एक पावरा आदिवासी म्हातारी राहायची. मी तिला मावशी म्हणायची. ती काठी टेकत आली आणि हातवारे करून तिच्या बोलीत मला काहीबाही सांगू लागली. निम्मं कळलं, निम्मं नाही. कळलं ते एवढं, की होळी पेटली नाही तर थंडी कशी जाईल? होळीला अजून दहा दिवस होते. मी हसून म्हटलं, "मावशी, तुमची थंडी होळीला जात असंल, आमची शिवरात्रीलाच जाते." काय शहाणी मी! म्हण खालच्या मुलखातली, थंडी वरची. त्या थंडीला काय आमची म्हण पाठ होती? ह्यांनीही मान डोलावली आणि ते सगळं गवत बंगल्याच्या घोड्यांना घालून टाकलं.

चौथ्या दिवशी पहाटे चूल पेटवायला उठले तर हंड्यातल्या पाण्यावर पापुद्रा. दार उघडलं, अंगण पांढरंफेक. दंव गोठलं होतं. तशीच अनवाणी मागं धावले. कोंब दोनच दिवसांपूर्वी उलगडले होते, कोवळी लुसलुशीत पानं, आणि पानापानावर मीठ पेरल्यासारखा थर. हात लावला तर पान कडकन मोडलं. तेवढ्यात जांभळीआडून ऊन आलं. बघता बघता ते मीठ विरघळलं आणि तिन्ही वाफ्यांतली पानं उकडलेल्या भाजीसारखी काळी पडून खाली बसली. मी मातीतच बसकण मारली आणि ओरडले, "मेले वं माय!"

हे धावत आले. बघितलं, आणि माझ्यावरच खेकसले, "तुले कोनी सांगेल व्हतं गवत काढाले?"

"आनि घोडास्ले कोनी चारं? मी का?"

मग जे जुंपलं ते विचारू नका. माझ्या माहेराचा उद्धार झाला, ह्यांच्या सात पिढ्यांचा झाला, घोड्यांचाही झाला. शेवटी हे डोकं धरून ओट्यावर बसले. पोटातलं लाथ मारत होतं. मला एकच दिसत होतं, आषाढातला घाट.

म्हातारी आली. 'मी सांगितलं होतं' असं ती एका अक्षरानं बोलली नाही. मी असते तर दहादा बोलले असते. तिनं एक काळं पान देठापासून खुडलं, बोटानं माती बाजूला केली आणि मला वाकायला लावलं. मुळाच्या खांद्याशी तांदळाच्या कणीएवढा पांढरा डोळा होता. जिवंत. काळी पानं कापून टाक, तिनं खुणेनं सांगितलं, पाणी बेतानं घाल, उगवेल ते तण काढ, आणि होळीपर्यंत रोज पहाटे ओला पाला पेटवून वाफ्यावर धूर धर. एवढं सांगून ती आपल्या शेळ्यांमागं निघून गेली.

पहाटेचा धूर ह्यांनी धरला, एवढं श्रेय मी त्यांना देते. खोकत खोकत का होईना, एक दिवस चुकवला नाही. तण मात्र माझ्या वाट्याला. त्या गवतातून पडलेलं सगळं बी पाणी मिळताच उगवून आलं, आणि वर लव्हाळा. लव्हाळ्यासारखी बेशरम जात नाही. वरून ओढा, पात हातात येते, खालची गाठ तशीच राहते, आणि चार दिवसांनी एकाची चार होऊन उभी. खुरपं घालायची सोय नव्हती, अळूचा डोळा दुखावला म्हणजे संपलं. मग मी अंबाड्यातल्या आकड्यानं माती उकरायची आणि बोटांनी एकेक गाठ वेचायची. पाचवा सरून सहावा लागला होता. उकिडवं बसवेना, म्हणून मांडी घालून, कधी कुशीवर कलंडून. नखं फुटली, कंबर मोडून आली. भाकरी खाताना तोंडात मातीचा वास यायचा. प्रत्येक गाठ टोपलीत टाकताना मी मनाशी म्हणायची, ही एक पायरी उतरले, ही दुसरी.

पाडव्याच्या आधी नवे कोंब आले. आधीपेक्षा जाड, आधीपेक्षा जास्त. एकेका गड्ड्याला तीन-तीन. मी म्हातारीला हाताला धरून ओढत आणलं आणि दाखवलं. ती नुसती तंबाखू चोळत हसली. खाली आईला निरोप धाडला की येते. तिचा उलट निरोप आला की खोली सारवली आहे, बाजेला नवी सुतळी भरली आहे, सुंठ आणि डिंक आणून ठेवला आहे. मी लुगडी घडी करून गाठोडं बांधलं आणि दाराआड ठेवलं.

मडम आली ती घोड्यावरून उतरून थेट वाफ्यांकडंच गेली. बाई वाईट नव्हती, हे मला सांगितलंच पाहिजे. वाईट असती तर सोपं झालं असतं. ती गुडघ्यांवर बसली, पानं उलटीपालटी करून बघितली, माती बोटांत घेऊन कुस्करली. एक तण नव्हतं. तिचे डोळे भरून आले. कोणी केलं हे, तिनं विचारलं. आमचे हे पुढं झाले आणि जन्मात पहिल्यांदा खरं बोलले, "बायकोनं." तिनं माझे ते मातीनं काळे पडलेले हात आपल्या हातांत घेतले. मला लाजल्यासारखं झालं. मग ती साहेबाकडं वळून इंग्रजीत बराच वेळ काहीतरी बोलत राहिली. साहेब हसला आणि ह्यांच्याशी हिंदुस्तानीत बोलला. मी डोक्यावरचा पदर सावरत उभी होते आणि मनानं घाट उतरायला लागलेही होते.

हे माझ्याकडं वळले. तोंड असं फुललेलं, जशी पोलीसपाटीलकीच मिळाली.

"काय म्हनस मडम?" मी विचारलं.

"मडम म्हनस, असा हात सगळ्या मुलखात नही. ही बाई गई तर मन्हा झाडं मरतीन. हिले कोठेच धाडू नका." मग खाकरून म्हणाले, "बदली रद्द. पन साहेब आपल्या खोलीवर नवं छप्पर घाली देणार शे."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. निम्मी बाग मारून ठेवली असती तर निदान तिनं दुसरा माळी तरी बघितला असता! मी ह्यांना म्हटलं, आता जा आणि सांगा की बायको गरोदर आहे, मागच्या खेपेला असं असं झालं. साहेबापुढं दुसऱ्यांदा हात जोडायची त्यांची छाती नव्हती. उलट मलाच समजावू लागले, "तुले काय समजस? केवढा मान शे हा!" मी दाराआडचं गाठोडं उचलून त्यांच्या अंगावर फेकलं. लुगडी सगळ्या खोलीभर झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मडम झोपली होती. मी बंबातलं उकळतं पाणी घागरीत भरलं आणि वाफ्यांशी गेले. एक घागर एका वाफ्याला पुरली असती. ओतलं तर बदली काही मिळणार नव्हती, नोकरी मात्र जाणार होती, आणि नोकरी गेली की आपोआप खाली. हिशोब सरळ होता. पण हात उचलेना. त्या माथ्यावर माझ्या हातानं वाढवलेलं दुसरं काही जगलं नव्हतं. मी घागर गटाराकडं नेऊन रिकामी केली आणि खूप रडले.

आईला कळवलं की मी येत नाही. उलट निरोप आला नाही. मी म्हटलं, रागावली असेल. वैशाखात एका संध्याकाळी बाजार करून परतणाऱ्या बायकांच्या घोळक्यात मला एक ओळखीचं लुगडं दिसलं. आई! दोन दिवस लागले होते तिला. चढाच्या जागी ती बसून, हातांनी शरीर वर ओढत आली होती. तळहात सोललेले, गुडघे भोपळ्यासारखे सुजलेले. मी तिच्या गळ्यात पडून बोंब ठोकली तर म्हणते कशी, "तू खाले येत नही, मंग मी वर उनू. रडाले काय व्हयनं?"

ज्येष्ठात पाऊस लागायच्या आधी मी बाळंत झाले. आई डोक्याशी आणि पावरा म्हातारी पायाशी. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण रात्रभर दोघी अखंड बोलत होत्या. मुलगी झाली. रडली. जगली.

पाऊस संपला, वाटा सुकल्या, तशी आईला तळोद्याची ओढ लागली. तिथं तिचं घर होतं, शेजारणी होत्या, मंगळवारचं देवीचं दर्शन होतं. मुलगी चार महिन्यांची झाल्यावर तिनं गाठोडं बांधलं. हे, मी आणि दोन गडी तिला घाटाच्या तोंडापर्यंत पोचवायला गेलो. तिनं खाली बघितलं. दोन पावलं उतरली. गुडघे वाकेनात, आणि ती दगडाला धरून बसली. गडी म्हणाले, झोळीतून नेतो. तिनं 'नको' म्हणून मान हलवली. 

"चढनू तव्हढं बस व्हयनं, बेटी," ती म्हणाली. "आते मी आठेच, तुन्हापाशी."

ह्यांनी खाली मान घातली. मला वाईट वाटायला हवं होतं. माझ्या पायी तिचं सगळं सुटलं, हे मला त्या क्षणीही समजत होतं. पण काय सांगू, मला आनंद झाला. इतका, की पोटात मावेना. मी लेकीला आईच्या मांडीत दिलं, तिचं गाठोडं उचललं आणि तिनं मन बदलायच्या आत भराभर घराकडं चालू लागले.