तिसरं भांडं

“तहानलेल्या माणसाला हट्टी म्हणण्याआधी त्याचं भांडं बघावं,” असं वॉर्डातली मावशी एकदा नव्या सिस्टरला म्हणाली होती.

छत्तीस वर्षं ती रुग्णांच्या लघवीची भांडी उचलत होती. रिकामं करण्याआधी प्रत्येक भांडं खिडकीच्या उजेडात धरायची. भविष्य दिसतं का, असं कुणी चिडवलं तर म्हणायची, दिसतं की, पण तुझं नाही.

कोपऱ्यातल्या खाटेवर एक घड्याळजी होते. हर्नियाचं ऑपरेशन सकाळवरून दुपारवर गेलेलं. रात्रीपासून पोटात पाण्याचा थेंब नाही. बायको ओल्या कापसानं त्यांचे ओठ पुसत होती. हळूहळू ते बरळू लागले. भिंतीवरचं घड्याळ ठिबकतंय, खाली वाटी ठेवा म्हणाले. तिलाही मग वॉर्ड पाण्याखाली गेल्यासारखा वाटू लागला. पडदे संथ हलत होते, पावलांचे आवाज लांबून येत होते. सिस्टर म्हणाली, घाबरलेत, दुसरं काही नाही.

मावशीनं तिसरं भांडं खिडकीशी धरलं. त्यातून पलीकडची फांदी स्वच्छ दिसली. ती तशीच डॉक्टरांपुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, उपाशी माणसाची लघवी गर्द पिवळी हवी, ही तर नळाच्या पाण्यासारखी, आणि तीन भांडी भरून.

रक्त तपासलं. त्यातलं मीठ फार चढलं होतं. आणखी कुठली गोळी चालू आहे का, डॉक्टरांनी विचारलं. फक्त बीपीची, बायको म्हणाली. चौदा वर्षं ती हेच सांगत आली होती, लेकीच्या सासरीसुद्धा.

डॉक्टर फोनकडे वळले तशी मावशी तिच्याजवळ उकिडवी बसली. “ताई, माझ्या भावाचं भांडं असंच असायचं. डोकं ताळ्यावर ठेवायची गोळी खायचा. आम्हीही लपवली होती.”

बायकोनं पर्समधली चष्म्याची डबी उघडली. आत लिथियमच्या गोळ्यांची पट्टी होती.

या गोळीनं किडनी पाणी धरून ठेवायचं विसरते, डॉक्टर म्हणाले, आणि वरून आपण यांचं पाणी तोडलं. ऑपरेशन पुढे ढकललं, सलाईन बदललं, मानसोपचाराच्या डॉक्टरांना बोलावणं गेलं.

दुसऱ्या दिवशी घड्याळजींनी डोळे उघडले, घोट घोट पाणी प्याले, भिंतीकडे पाहत म्हणाले, “चार मिनिटं मागे आहे.”

बायको हसता हसता रडली. मावशी भांडं न्यायला आली होती.

“मावशी, तुमचा भाऊ आता कसा आहे?”

मावशीनं भांडं खिडकीशी धरलं, नेहमीपेक्षा थोडं जास्त वेळ. मग त्यावर फडकं टाकलं आणि बाहेर गेली.