कांजिण्यांचे दिवस

धाकटीला रक्ताचा कर्करोग झाल्याचं कळलं तेव्हा ती जेमतेम साडेचार वर्षांची होती. फरीदाबादच्या एका नव्या सेक्टरमध्ये आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. आमचं घर पुरं झालं होतं, पण चारी बाजूंनी बांधकामं चालू होती. दारं-खिडक्या लावून घेतल्या तरी वाळूची कचकच जेवणाच्या पानात यायची. डॉक्टरीणबाईंनी हे ऐकलं आणि मान हलवली.

"औषधांनी हिची ताकद पार कमी होणार आहे. धूळ नको, गर्दी नको, आणि आजारी माणूस तर जवळपासही नको."

म्हणून मी तिला घेऊन दिल्लीत सरोजिनी नगरला नणंदेच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेले. तिथून हॉस्पिटल जवळ होतं. थोरली आठ वर्षांची, तिची शाळा होती. ती वडिलांजवळ फरीदाबादलाच राहिली. नवऱ्याच्या कारखान्यात तेव्हा परदेशी मशिनी बसत होत्या आणि एक दिवसाची रजा मागायलाही त्याला धीर होत नव्हता.

मला एका जागी बसवेनासं झालं. धाकटी झोपली की मी अंगणात फेऱ्या मारायचे, धुतलेली भांडी पुन्हा धुवायचे. गोळ्यांमुळे तिला भलतीच भूक लागायची. उठल्याउठल्या झुणका मागायची, ताट येईपर्यंत रडायची आणि चार घास खाऊन म्हणायची, "हा नको, वरणभात दे." नणंद न कंटाळता पुन्हा कुकर लावायची. "वहिनी, तुम्ही जरा टेका," असं ती दिवसातून किती वेळा म्हणायची. मी टेकायचे आणि लगेच उठायचे.

रविवारी नवरा थोरलीला स्कूटरवरून घेऊन यायचा. आल्या आल्या तिने आंघोळ करायची, धुतलेले कपडे घालायचे, मगच बहिणीजवळ जायचं, असा नियम होता. तो तिने एकदाही मोडला नाही. त्या रविवारी दोघींनी दिवाणावर चादरीचं घर केलं आणि आत बसून दुपारभर खिदळल्या. धाकटीला इतकं हसताना मी बऱ्याच दिवसांनी ऐकत होते.

मंगळवारी फोन आला. पलीकडून थोरली मोठ्या उत्साहात म्हणाली, "आई, मला माता आली!"

"कोण आली?"

"माता. शेजारच्या आंटी म्हणाल्या, छोटी माता आहे. अंगभर दाणे आलेत. तापपण आहे. आता तू येशील ना?"

कांजिण्या हा शब्द तिला ठाऊक नव्हता. मला होता. मी काही बोलायच्या आतच नवऱ्याने फोन घेतला. "परवा दोघी एकत्र होत्या," एवढंच तो म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी तातडीने एक इंजेक्शन लिहून दिलं. साधं औषध नव्हतंच ते, कुठे मिळेना. थोरलीला शेजारणीच्या हवाली करून नवरा स्कूटरवरून अख्खी दिल्ली फिरला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते बर्फाच्या पिशवीत घेऊन आला. इंजेक्शन दिल्यावर बाई म्हणाल्या, "तरीही येऊ शकतात. तीनेक आठवडे लक्ष ठेवा. तुम्हाला लहानपणी होऊन गेल्यात, ठीक आहे. पण दोन्ही घरांत ये-जा मात्र नको."

मग मी धाकटीचं अंग बघू लागले. सकाळी, आंघोळीच्या वेळी, ती खेळत असताना फ्रॉक वर करून. डास चावला तरी मी तिला उजेडात नेऊन तो ठिपका पुन्हा बघायचे. शेवटी तीच वैतागली. "बघू नको ना यार!" हे ती वॉर्डातल्या मुलांकडून शिकली होती.

तिकडे थोरली तापाने आणि खाजेने हैराण होती, आणि माझ्याशी फोनवर बोलेनाशी झाली होती. तिला कोणीतरी सगळं सांगितलं होतं. एका दुपारी मला राहवलं नाही. धाकटीला नणंदेजवळ ठेवून मी बसने फरीदाबादला गेले. घरात जायचं नाही, एवढं मनाशी पक्कं होतं. रस्त्यावर विटांच्या ढिगाशेजारी उभी राहून मी वर हाका मारल्या. ती बाहेर येईना. समोरचे गवंडी काम थांबवून बघत होते. बऱ्याच वेळाने ती गॅलरीत आली. तोंडभर गुलाबी औषध फासलेलं.

"तिला आल्या?" तिने विचारलं.

"नाही गं. तू कशी आहेस?"

"मग तू इथे कशाला आलीस? तिच्याजवळ जा!"

"तुला बघायला आले."

"बघितलंस ना? जा आता." असं म्हणून ती तिथेच उभी राहिली, आत काही गेली नाही. कठड्यावर हनुवटी टेकवून बघत राहिली. मीही हलले नाही. "खाजवू नकोस," मी म्हटलं. "नाही खाजवत," ती म्हणाली. "आई, ती माझ्यामुळे मरणार का?"

"नाही," मी ओरडून सांगितलं. मला काहीच ठाऊक नव्हतं. तरी इतक्या जोरात सांगितलं की गवंडी पुन्हा कामाला लागले.

पुढच्याच आठवड्यात धाकटीच्या पोटावर पाण्याचे दोन फोड दिसले. तिला लगेच वेगळ्या खोलीत ठेवलं, सलाईनमधून औषध सुरू झालं, कर्करोगाची औषधं थांबली. औषधं थांबल्याची भीती कांजिण्यांच्या भीतीहून मोठी निघाली. मी त्या खोलीत भिंतीपासून दारापर्यंत चालत राहायचे. पण फोड थोडेच आले, आणि छातीत काही उतरलं नाही. बाईंनी मला हाताला धरून खुर्चीवर बसवलं आणि म्हणाल्या, "त्या इंजेक्शनने काम केलं."

थोरलीच्या सगळ्या खपल्या पडल्यावर दोघी भेटल्या. धाकटीने फ्रॉक वर करून डाग दाखवले. थोरली लांबच उभी राहिली. मी तिला पुढे ढकललं तेव्हा ती आधी हात धुवायला गेली.

उपचार त्यानंतरही पुष्कळ चालले, आणि धाकटी बरी झाली. आज दोघी आपापल्या संसारात आहेत. धाकटीला त्या दिवसांतलं फारसं आठवत नाही. थोरलीला सगळं आठवतं, पण ती कधी बोलत नाही. मीच काढला विषय तर ती उठून चहा ठेवते.